भंडाऱ्याची नगररचना व नागरिकांचें कर्तव्य

भंडारा, तुमसर, पवनी व साकोली या चार नगरपरिषदांच्या सभासदांची मुदत २०२२ सालाच्या आरंभीं संपली. राखीव जागांचा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेल्यामुळें निवडणुका लांबणीवर पडत गेल्या, आणि जवळजवळ चार वर्षें आमच्या नगरांचा कारभार सरकारनें नेमलेल्या प्रशासकांच्या हातीं राहिला. अखेर ६ मे २०२५ रोजीं न्यायालयानें निवडणुका घेण्याविषयीं हुकूम दिला व त्या वर्षाच्या डिसेंबर महिन्यांत मतदान होऊन नगरपरिषदांचा कारभार पुनः लोकनियुक्त मंडळींकडे आला. ही गोष्ट समाधानाची आहे यांत शंका नाहीं. प्रशासक कितीही कर्तबगार असला तरी तो आज आहे, उद्यां बदलून जाईल. गांवाच्या बऱ्यावाइटाचा जाब त्याला गांवकऱ्यांपुढें द्यावा लागत नाहीं. परंतु लोकनियुक्त मंडळी आली म्हणजे आपलें काम संपलें, अशी समजूत करून घेऊन जर आमचे नगरवासी स्वस्थ बसले, तर या चार वर्षांच्या अनुभवापासून आम्ही कांहींच शिकलों नाहीं असें म्हणावें लागेल.

निवडणूक म्हटली कीं जो तो "विकास" हा शब्द उच्चारतो. रस्ता रुंद करणें हा विकास, चौकांत दिवे लावणें हा विकास, तलावाच्या काठाला फरशी बसविणें हाही विकासच. या गोष्टी वाईट आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु शहर कोणत्या दिशेनें वाढावें, कोठें वाढूं नये, पाणी कोठून यावें व कोठून जावें, शाळेला, बाजाराला व स्मशानाला जागा कोठें असावी, या प्रश्नांचा निकाल ज्या कागदावर लागतो त्या कागदाची चर्चा मात्र क्वचितच कोणी करतो. तो कागद म्हणजे नगराचा विकास आराखडा. त्याचाच विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. आणि आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. भंडाऱ्याच्या नकाशावर पहिली रेघ पाण्याची पडली पाहिजे, रस्त्याची रेघ त्यानंतर. आणि ती पाण्याची रेघ बरोबर पडली कीं नाहीं हें पाहण्याचें काम अधिकाऱ्यांइतकेंच नागरिकांचें आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९६६ सालच्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमान्वयें प्रत्येक नगरपरिषदेनें आपल्या हद्दीचा विकास आराखडा करावयाचा असतो, व वीस वर्षांतून निदान एकदां त्याची फेरतपासणी करावयाची असते. आराखड्याचें प्रारूप तयार झालें म्हणजे तें राजपत्रांत व स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर होतें, नकाशे लोकांस पाहण्यासाठीं खुले ठेवले जातात, आणि तीस दिवसांच्या आंत वाटेल त्या नागरिकास हरकत किंवा सूचना लेखी देतां येते. त्या हरकतींची सुनावणी नियोजन समितीपुढें होते. या समितींत नगरपरिषदेचे तीन सभासद असावेत व शासनानें नेमलेले बाहेरचे जाणते लोक चारपर्यंत असावेत, अशी योजना आहे. पुढें शासनाची मंजुरी मिळाली म्हणजे तो नकाशा कायदा होतो. आपल्या घरामागची मोकळी जागा बाग राहील कीं बाजार होईल, आपल्या दुकानासमोरचा रस्ता किती रुंद होईल, आपल्या शेताच्या कोणत्या तुकड्यावर शाळेचें आरक्षण पडेल, हें सर्व वीस वर्षांपुरतें त्या दिवशीं ठरून जातें.

आतां विचार करा, कीं ज्या काळांत नगरपरिषदेंत एकही लोकनियुक्त सभासद नसतो त्या काळांत या योजनेचें काय होतें. सभेची सत्ता प्रशासकाकडे जाते. ठराव मांडणारा तोच व मंजूर करणाराही तोच. १९९२ सालच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें नगरांना स्वराज्य दिलें, व राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचींत जे अठरा विषय नगरपालिकांसाठीं लिहिले त्यांत पहिलाच विषय नगररचनेचा आहे. ज्या विषयाला घटनेनें पहिलें स्थान दिलें तोच विषय चार वर्षें लोकांच्या प्रतिनिधींवांचून चालावा, ही साधी उणीव नव्हे. म्हणून नव्या सभासदांनीं पदग्रहणाचे हारतुरे उतरल्यावर पहिलें काम हें करावें, कीं या काळांत जमिनींच्या वापराविषयीं जे जे निर्णय झाले असतील त्यांची यादी काढून ती लोकांपुढें ठेवावी. यांत कोणावर आरोप करण्याचा हेतु नाहीं. आपल्या घराचा कारभार पुनः हातीं घेतांना कोणीही शहाणा मनुष्य आधीं वहीखातें पाहतो, इतकेंच.

भंडारा शहर कसें वाढलें हें पाहिलें म्हणजे आराखड्याची गरज आपोआप ध्यानांत येते. येथील नगरपालिका १८६७ सालची. म्हणजे देशांतील जुन्या नगरपालिकांपैकीं एक. १९०१ सालीं शहराची वस्ती सुमारें चौदा हजार होती. २०११ च्या शिरगणतींत ती ९१,८४५ भरली. शंभर-सव्वाशें वर्षांत गांव सहापटींहून अधिक वाढलें, परंतु तें कोणीं वाढविलें असें विचारल्यास उत्तर देणें कठीण आहे. १८८० नंतरच्या दशकांत नागपूरहून पूर्वेकडे लोहमार्ग गेला तो शहराला दहा-अकरा किलोमीटर दूर ठेवून वरठीवरून गेला. म्हणून भंडाऱ्याचें स्टेशन आजही "भंडारा रोड" याच नांवानें वरठीस आहे. तिकडे गोंदियास जंक्शन झालें व तें गांव व्यापारानें भरभराटलें. १ मे १९९९ रोजीं तर त्याचा वेगळा जिल्हाही झाला. भंडाऱ्यास लोहमार्ग चुकला, पण मुंबईहून कलकत्त्यास जाणारा महामार्ग मात्र गांवांतूनच गेला. मग ज्याला जशी सोय झाली तसा तो महामार्गाच्या कडेस येऊन बसला. पितळेच्या भांड्यांनीं ज्याचें नांव दूरवर नेलें तें गांव या रीतीनें कासारांच्या आळीपासून मालमोटारींच्या थांब्यांपर्यंत पसरत गेलें. याला वाढ म्हणतां येईल. रचना म्हणतां येणार नाहीं.

वास्तविक भंडारा जिल्ह्याच्या लोकांस रचना शिकविण्याचें कारण नव्हतें. हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानें या प्रदेशांत जे शेंकडों तलाव बांधले त्यांची कीर्ति सर्वश्रुत आहे. टेकडीचा उतार पाहून पाळ घालावी, एका तलावाचा सांडवा दुसऱ्या तलावाकडे वळवावा, तलावाखालीं भाताच्या बांध्या व बांध्यांच्या खालीं ऊस, अशी त्यांची व्यवस्था होती. त्या अशिक्षित म्हटल्या गेलेल्या माणसांनीं कागदावर एक रेघ न ओढतां जो नकाशा भूमीवर काढला त्यांत पाण्याला आधीं जागा होती व माणसाला नंतर. पाळीची डागडुजी, गाळ काढणें, पाण्याची वांटणी या कामांस मालगुजार बांधलेला असे व गांव त्याच्यावर नजर ठेवीत असे. १९५० सालच्या कायद्यानें मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले व "माजी मालगुजारी तलाव" अशी त्यांची सरकारी ओळख बनली. मालगुजारी जाणें हें योग्यच होतें. त्या पद्धतींतील जुलूम परत यावा असें कोणीही म्हणणार नाहीं. परंतु जुना धनी गेल्यावर त्याच्या कर्तव्याचा वारसा कोणीं घ्यावयाचा हें नीट ठरलें नाहीं. हक्क सरकारनें घेतला, उपभोग सर्वांनीं घेतला, आणि गाळ काढण्याची जबाबदारी कोणींच घेतली नाहीं. खेड्यांतील तलावांची जी दशा तीच शहरांतील तळ्यांची व नाल्यांची. खांब तलाव व मिस्किन टँक हीं नांवें भंडाऱ्याच्या प्रत्येक मुलास ठाऊक आहेत. परंतु त्यांत पाणी कोणत्या वाटेनें येतें व जादा पाणी कोणत्या वाटेनें वैनगंगेस मिळतें, हें सांगणारे किती सांपडतील?

ज्या वाटा आम्ही विसरलों त्या पाणी विसरत नाहीं. २०२० सालीं ऑगस्टच्या अखेरीस याचा दाखला भंडाऱ्यास मिळाला. मध्यप्रदेशांत सिवनी जिल्ह्यांतील संजय सरोवराचें पाणी सुटलें, तें वैनगंगेनें वरून आणलें. पेंच धरणाचें पाणी सुटलें, तें कन्हान नदीनें आंभोऱ्यापाशीं वैनगंगेंत आणून खालच्या अंगानें तिची वाट रोखली. आणि मध्यें सांपडलें भंडारा. गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. कारधा, गणेशपूर व शहराच्या सखल वस्त्या पाण्याखालीं गेल्या. दुकानदारांचा माल, गरिबांचें धान्य, मुलांचीं पुस्तकें वाहून किंवा कुजून गेलीं. त्या प्रसंगीं दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांत निरोपानिरोपी वेळेवर झाली कीं नाहीं, धरणाचे दरवाजे आधीं उघडले असते तर काय झालें असतें, यावर पुष्कळ बोलणें झालें, व तें व्हावयासही पाहिजे होतें. परंतु एक प्रश्न त्या गदारोळांत मागें पडला. जेथें पाणी शिरलें तेथें घरें बांधण्यास परवानगी कोणीं व कोणत्या नकाशावरून दिली?

या बाबतींत नियम नाहींत असें नाहीं. सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची जी मर्यादा ती निळी पूररेषा. शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या महापुराची मर्यादा ती तांबडी. नदी व निळी रेषा यांच्यामध्यें बांधकाम नसावें; निळ्या व तांबड्या रेषांच्या मधल्या पट्ट्यांत तें अटींवर, जोतें पुराच्या पातळीच्या वर ठेवून करावें, असा आमच्या राज्यांतील नियम आहे. नियम इतका साधा आहे कीं शाळेंतील मुलासही तो समजेल. अडचण एकच, या रेषा कचेरींतील नकाशावर असतात, भूमीवर दिसत नाहींत. प्लॉट विकणारा त्या दाखवीत नाहीं, घेणारा विचारीत नाहीं, आणि पावसाळा आल्यावर दोघेही सरकारकडे बोट दाखवितात. आमची सूचना अशी आहे कीं नगरपरिषदेनें या दोन्ही रेषा शहरांत ठिकठिकाणीं दगड पुरून व विजेच्या खांबांवर निळ्या-तांबड्या पट्ट्या मारून सर्वांस दिसतील अशा कराव्या. यास फारसा खर्च येणार नाहीं. आणि आयुष्याची पुंजी घालून घर घेणारा शिक्षक किंवा कारकून निदान डोळे उघडे ठेवून सौदा करील.

पाण्याचा दुसरा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा. २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली. पवनी तालुक्यांतील या धरणानें अनेक गांवें उठविलीं, शेतीस पाणी देण्याचें आश्वासन दिलें, व त्याचा फुगवटा मागें मागें येत भंडाऱ्यापर्यंत पोंचला. वाहती नदी होती तेथें सांठलेलें पाणी झालें. नागपूर शहराचें सांडपाणी घेऊन येणारी नाग नदी कन्हानला मिळते व कन्हान वैनगंगेला. त्यामुळें तीस-पस्तीस लक्षांच्या आसपास वस्तीच्या महानगराची घाण या सांठ्यांत येऊन पडते. नागपूरच्या सांडपाण्याचा कांहीं भाग शुद्ध करून वीजकेंद्रांस दिला जातो व नाग नदीच्या शुद्धीकरणाची योजना केंद्र सरकारनें मंजूर केली आहे, हें खरें. परंतु भंडाऱ्याच्या गृहिणीला घागरींत काय येतें याचीच प्रचीति आहे. येथें नागपूरवर राग करण्याचा आम्हांस पूर्ण हक्क आहे. मात्र तो राग करतांना आपल्या शहरांतील गटारें कोठें जातात हेंही पाहावें. नागपूरचा मैला वैनगंगेंत आला म्हणजे तें पाप, आणि भंडाऱ्याचा गेला म्हणजे तो निसर्गक्रम, असा न्याय जगांत कोठें चालत नाहीं. आमच्या खालीं पवनी आहे, त्याखालीं चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील गांवें आहेत. सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रास जागा व पैसा राखून ठेवल्याशिवाय कोणताही आराखडा पुरा समजूं नये.

आतां या मताविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार करूं. आमचे व्यापारी बंधु म्हणतात, "तळीं राखा, नाले राखा, नदीपासून दूर राहा, मग शहरानें वाढावें तरी कोठें? जागा महाग, धंदा मंद, आणि तुम्ही बंधनें घालतां." हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. व्यापार मंदावला तर शहर मंदावतें. परंतु आम्ही त्यांस विचारतों कीं २०२० च्या पुरांत ज्यांचा माल बुडाला त्यांचा धंदा कोणत्या बंधनानें बुडाला? नाला बुजवून मिळालेली शंभर हात जागा एका पावसाळ्यांत हजार हात बाजारास बुडवूं शकते, मग स्वस्त तें कोणतें? स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले. मुंबई इलाख्यांतील ठाण्यासारखीं नगरें त्यांनीं पाहिलीं, १९१७ सालीं आमच्या शेजारच्या नागपूरसाठींही त्यांनीं अहवाल लिहिला. त्या काळीं डांसांच्या व हिंवतापाच्या भीतीनें तळीं बुजविण्याची म्युनिसिपालिट्यांत टूमच निघाली होती. गेडिस यांनीं सांगितलें कीं तळीं बुजवूं नका. तीं स्वच्छ ठेवा, त्यांत मासे सोडा, कारण तळें हें नगराचा पूर पोटांत घेतें व उन्हाळ्यांत गारवा देतें. शंभर वर्षांपूर्वीं एका परदेशी विद्वानानें जें ओळखलें, व त्याच्याही आधीं कोहळ्यांनीं जें आचरलें, तें आज आम्हांस नवें वाटावें याचें नवल आहे. खुद्द सर्वोच्च न्यायालयानेंही २८ जानेवारी २०११ च्या निकालांत गांवतळीं व सार्वजनिक जागा यांवरील अतिक्रमणें दूर करण्याविषयीं सर्व राज्यांस बजाविलें आहे.

दुसरा आक्षेप जमीनमालकांचा, व तो आम्हांस पुष्कळ अंशीं न्याय्य वाटतो. नकाशावर हिरवा रंग भरून कोणाच्या जमिनीवर बागेचें आरक्षण टाकावयाचें, आणि मग पैसा नाहीं म्हणून ना ती जमीन विकत घ्यावयाची ना त्याला वापरूं द्यावयाची, हा निव्वळ अन्याय आहे. कायद्यानेंही तो ओळखला आहे. दहा वर्षांत जमीन संपादन न झाल्यास मालकानें नोटीस द्यावी, व त्यानंतरच्या ठराविक मुदतींत संपादनाचीं पावलें न पडल्यास आरक्षण रद्द व्हावें, अशी तरतूद आहे. म्हणजे होतें काय? मालक वर्षानुवर्षें कुजतो आणि शेवटीं शहराचीही बाग जाते, दोघांचेंही नुकसान. यावर उपाय हा, कीं जितकीं आरक्षणें पुरीं करण्याचें सामर्थ्य असेल तितकींच टाकावीं, शाळा, दवाखाना, खेळाचें मैदान व पाण्याच्या वाटा यांस अग्रक्रम द्यावा, आणि दरवर्षीं अंदाजपत्रकाबरोबर कोणत्या आरक्षणाचें काय झालें याचा तक्ता प्रसिद्ध करावा. आराखडा मंजूर झाल्यावर त्यांत एकेका जागेपुरता "फेरबदल" करण्याची जी सवलत कायद्यांत आहे तिच्यावरही लोकांची नजर असली पाहिजे. मोठा आराखडा एका दिवसांत कोणी मोडीत नाहीं. आज या गटाचा रंग बदला, उद्यां त्या गटाचा, असें करतां करतां दहा वर्षांनीं मूळ नकाशा ओळखूं येईनासा होतो. प्रत्येक फेरबदलास नोटीस व हरकती लागतात. त्या नोटिसा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांत बारीक टायपांत छापून येतात, आणि आमचे वाचक बाजारभाव वाचून पान उलटतात.

तिसरा प्रश्न अतिक्रमणांचा. यांत आमचा समाज दोन मापांनीं मोजतो. रस्त्याच्या कडेस भाजीची टोपली घेऊन बसणारी बाई ही अतिक्रमण, पण पक्क्या दुकानाचा ओटा गटारावर दोन हात पुढें आला तर ती सोय. आम्ही व्यापाऱ्यांचे हितचिंतक आहों म्हणूनच स्पष्ट बोलतों. गटारावर फरशी टाकली म्हणजे गटार साफ होत नाहीं. साफ झालें नाहीं म्हणजे पहिल्या मोठ्या सरीस तेंच पाणी त्याच दुकानांत शिरतें. नगरपरिषदेनें हातोडा उचलण्यापूर्वीं व्यापारी मंडळानें स्वतः पुढाकार घेऊन आपल्या ओळींतील गटारें मोकळीं केलीं तर त्यांचा शब्द उद्यां सभागृहांत वजनदार ठरेल. टोपलीवाल्यांविषयीं म्हणाल तर २०१४ सालच्या पथविक्रेता कायद्यानें त्यांच्यासाठीं नगर समिती सांगितली आहे, व तींत निदान चाळीस टक्के सभासद खुद्द विक्रेत्यांनीं निवडलेले असावेत असें म्हटलें आहे. आराखड्यांतच त्यांच्या बसण्याची जागा ठरवून द्या. मग रस्ताही मोकळा राहील व गरिबाची भाकरीही जाणार नाहीं. दर सणाला त्यांस उठवावयाचें व सण गेल्यावर पुनः बसूं द्यावयाचें, हा पोरखेळ आहे.

चौथा वाद हद्दीचा. शहर आतां आपल्या हद्दींत मावत नाहीं. गणेशपूर, खोकरला, बेला हीं लगतचीं गांवें नांवाला ग्रामपंचायती व रूपानें शहराचे भाग बनत चालले आहेत. नवे प्लॉट तेथें पडतात, नव्या वसाहती तेथें उठतात. शहरांतील कांहीं मंडळी म्हणतात कीं यांस हद्दींत घ्या. गांवकरी म्हणतात कीं कर वाढेल आणि सोयी मिळणार नाहींत. गांवकऱ्यांची भीति खोटी नाहीं. जिल्ह्यांतील बेला ग्रामपंचायतीचा २०२४ सालच्या राष्ट्रीय पंचायत पुरस्कारांत गौरव झाला, याचा अर्थ ग्रामपंचायतीही चांगला कारभार करूं शकतात. त्यांस केवळ मोठेपणाच्या हौसेनें गिळून टाकणें शहाणपणाचें नाहीं. परंतु हद्द कोठेंही असो, नाला तिला जुमानीत नाहीं. वरच्या गांवांत नाला अडला तर खालच्या प्रभागांत पाणी चढतें. म्हणून हद्दवाढीचा निकाल लागेपर्यंत वाट न पाहतां नगरपरिषद व लगतच्या ग्रामपंचायती यांनीं पाणी, सांडपाणी, कचरा व मुख्य रस्ते या चार विषयांपुरता एकत्र बसून एक नकाशा करावा. राज्यघटनेनें जिल्हा नियोजन समिती निर्माण केली ती गांव व शहर यांच्या योजनांची सांगड घालण्यासाठींच. केवळ निधीची वांटणी करणें एवढेंच तिचें काम नव्हे.

कोणी म्हणेल, नियम, नकाशे, तपासण्या यांनीं काय होतें. चालायचें तें चालतेंच. त्यांस आम्ही एका प्रसंगाची आठवण देतों, व ती देतांना आमची लेखणी जड होते. ९ जानेवारी २०२१ च्या रात्रीं भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयांत नवजात अर्भकांच्या विभागास आग लागली व दहा बालकें दगावलीं. सारा देश हळहळला. मंत्री आले, चौकशी झाली, राज्यभर रुग्णालयांची अग्नितपासणी करण्याचे हुकूम सुटले. जी तपासणी नंतर करतां आली ती आधींही करतां आली असती. सार्वजनिक इमारत कशी असावी, तिला बाहेर पडण्याच्या वाटा किती असाव्या, बंब कोणत्या रस्त्यानें यावा, या रुक्ष कलमांकडे पाहून ज्यांस कंटाळा येतो त्यांनीं त्या दहा मातांचा विचार करावा. नगररचना हा विषय विद्वानांच्या करमणुकीचा नाहीं. त्यांत हयगय झाली म्हणजे माणसें मरतात.

तेव्हां करावयाचें काय? आमच्या सूचना थोड्या आहेत, व त्यांस कोणताही नवा कायदा लागत नाहीं. पहिली, आराखड्याचा नकाशा मराठींत, गटक्रमांक स्पष्ट वाचतां येतील अशा मोठ्या आकारांत, प्रत्येक प्रभागांतील शाळेंत, वाचनालयांत व आठवडी बाजाराच्या जागीं लावावा. कचेरीच्या एका खोलींत टांगलेला नकाशा जाहीर झाला असें आम्ही मानीत नाहीं. दुसरी, त्या नकाशावर सर्व तलाव, नाले, सांडवे व दोन्ही पूररेषा आधीं दाखवाव्या व मग रस्ते आंखावे. तिसरी, हरकतींच्या तीस दिवसांत प्रत्येक नगरसेवकानें आपल्या प्रभागांत निदान एक सभा घ्यावी, व तींत स्त्रियांस बोलण्याची मुद्दाम संधि द्यावी. पाणी कोणत्या नळास किती वेळ येतें हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असतें? चौथी, वकील, शिक्षक, इंजिनिअर व सेवानिवृत्त अधिकारी यांनीं एक नागरिक मंडळ करून निरक्षर व गरीब लोकांच्या हरकती लिहून द्याव्या. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून हाताशीं आहे. त्याचा उपयोग भांडणासाठीं जितका होतो तितका समजून घेण्यासाठींही व्हावा.

शेवटीं एक गोष्ट आमच्या वाचकांस, विशेषतः व्यापारी वर्गास, सांगावयाची आहे. नकाशा जाहीर होतो तेव्हां आपण धांवत जातों तें आपला गट कोणत्या रंगांत आला तें पाहण्यास. रंग मनासारखा असला तर घरीं येतों, नसला तर वशिला शोधतों. यांत कोणी आपल्या घरामागचा नाला पाहत नाहीं, कोणी शेजारच्या मोहल्ल्यांतील मुलांस मैदान आहे कीं नाहीं तें पाहत नाहीं. ज्या शहरांत प्रत्येकजण आपल्यापुरतें पाहतो तेथें सर्वांचें पाहणारा कोणी उरत नाहीं, आणि मग पूर आला म्हणजे तो रंग किंवा वशिला न पाहतां सर्वांच्या घरांत सारखाच शिरतो. नव्या नगरपरिषदेस आमच्या शुभेच्छा आहेत. तिच्या चांगल्या कामास आमचा पाठिंबा राहील व चुकांवर आमची टीकाही राहील. परंतु तिचें काम चांगलें होणें हें पुष्कळसें आमच्यावरच अवलंबून आहे. प्रारूप आराखडा जेव्हां केव्हां लोकांपुढें येईल तेव्हां प्रत्येक घरांतून निदान एक मनुष्य तो पाहण्यास जाईल, व आपल्या गटाबरोबर आपल्या वस्तीचा नालाही बोटानें शोधून काढील, एवढें जरी झालें तरी भंडाऱ्याच्या नगररचनेस खरा आरंभ झाला असें आम्ही समजूं.